बिनबट्ट्याची पेंढी

गाय सकाळी बसली ती उठलीच नाही. गावातल्या चार गड्यांनी तिच्या पोटाखालून दोन वासे घातले, वडिलांनी शिंगं धरली आणि 'हां, उचला' म्हणत तिला उभी केली. वासे काढले तशी ती पुढच्या गुडघ्यांवर आली आणि मग सगळं अंगच टाकून दिलं. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. पोटाखालची कातडी वाशांनी सोलली होती, पण रक्तसुद्धा नीट येत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या आता," त्या गड्यांतला एकजण वडिलांना म्हणाला. "तिनं जागा धरली. कशाला हाल करता मुक्या जिवाचे?"

माझी थोरली बहीण दुधाची चरवी घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाला सव्वा महिना झाला होता. बाळंत झाल्यावर तिला ताप भरला, अंगावरचं दूध आटलं आणि ते परत आलं नाही. बाळ या गाईच्या दुधावर होतं. तिचा नवरा केजकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होता, सासरी प्यायचं पाणीसुद्धा धड नव्हतं, तिथे गाय कुठली असणार? आमची गाय बसली म्हणजे काय झालं ते गोठ्यातल्या सगळ्यांना कळत होतं. आत बाळ रडत होतं.

वडिलांनी कडब्याची शेवटची पेंढी आणून गाईपुढे सोडली. तिने मान लांब करून ती खाल्ली. बसल्या जागी, भराभर खाल्ली. आजारी जनावर असं खात नाही. तिला दुसरं काही झालं नव्हतं, ती उपाशी होती.

आता गोष्ट अशी की हिशोबाप्रमाणे आमच्या गोठ्यामागे अजून महिनाभर पुरेल एवढा कडबा असायला हवा होता. पेंढ्या मोजून आणल्या होत्या, मोजून वाटल्या होत्या, एकही कमी भरली नव्हती. तरी वैरण संपली होती.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती, पण त्याचा रुपया आमच्याकडे अजून चालत होता. त्याला हाली म्हणायचे. त्यावर चारमिनार असायचा. हद्दीपलीकडे नगर जिल्ह्यात इंग्रजांच्या वेळचा रुपया चालायचा, त्याला कळदार म्हणायचे. आमचं गाव उमापूरच्या पुढे, हद्दीला लागून. हद्दीवरचा जकातीचा जुना नाका ओस पडला होता. इकडच्या शेतातली ढेकळं आणि तिकडच्या शेतातली ढेकळं सारखीच. माणूस सरळ चालत पलीकडे जायचा, कोणी अडवत नव्हतं. फक्त त्याच्या कमरेच्या कशातला, म्हणजे पैशाच्या पिशवीतला, पैसा पलीकडे गेला की हलका व्हायचा.

सात हालींना सहा कळदार, असं आम्हाला शाळेत घोकून घेतलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले. त्या गणितात माझं कधी चुकलं नाही. बाजारात मात्र गणित तसं उतरत नसे. सराफ आधी रुपया दगडावर वाजवायचा. मग झिजलाय म्हणून थोडं कापायचा. मग बदलून देण्याचा म्हणून कापायचा, त्याला बट्टा म्हणत. आणि गर्दीच्या दिवसांत बट्टा वाढायचा. आमच्या माणसांना त्या पैशापेक्षा त्या कापण्याचा राग होता. आपण घाम गाळून मिळवलेला अख्खा रुपया, आणि तिऱ्हाईत माणूस गादीवर बसून सांगणार की हा अख्खा नाही. वडील बाजारातून आले की कडब्याच्या भावापेक्षा सराफालाच जास्त शिव्या द्यायचे.

त्या वर्षी ज्वारी आलीच नाही. आधीच्या वर्षी अर्धी आली होती. विहिरींच्या तळाला उतरून बायका वाटीने पाणी भरत. गावात सरकारचा एक माणूस आला, त्याने पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं की एकेकट्याने वैरण घेऊ नका, सोसायटी करा, सगळ्यांचा पैसा एकत्र करून घाऊक घ्या, स्वस्त पडेल. नोंदणीचं मी बघतो म्हणाला. बारा घरं तयार झाली. पाटलांना चेअरमन केलं. हा शब्द गावात तेव्हाच आला आणि पाटलांना तो फार आवडला. आमचे वडील बोलायला नेटके आणि पैशाला स्वच्छ, म्हणून माल आणायचं काम त्यांच्याकडे आलं.

आमच्या भिंतीला लागून चुलत्यांचं घर होतं. चुलते तालुक्याच्या गावी मुकादमाच्या हाताखाली होते, घर चुलतीच चालवायची. तिच्याकडे एक दुभती म्हैस होती. माझी माय तिला सोसायटीत ये म्हणून सांगायला गेली.

"बारा घरची एक चूल कधी पेटत न्हाई, बाई," चुलती म्हणाली. "माझा भाऊ हाय हद्दीपलीकडं. त्यो बघंल माझ्या म्हशीचं."

"सगळ्यांचा भाऊ नसतो हद्दीपलीकडं," माय म्हणाली.

"म्हणूनच सोसायटी लागती," चुलती म्हणाली आणि हसली. ती तशीच होती, तोंडावर बोलणारी.

वडील दोन गाड्या घेऊन गेले. पाटाच्या पाण्याच्या मुलखातला कडबा जिथे विकायला येत होता त्या बाजारात. आल्यावर त्यांनी पारावर बसून सगळ्यांना हकीगत सांगितली. मीही तिथे होते. वडिलांना एवढं खुशीत मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"सराफाकडं गेलतो आधी," वडील सांगत होते. "म्हणतो, गर्दी लई हाय, बट्टा वाढला. मी म्हणलं, आरं, बारा घरचा पैसा हाय, दुष्काळाचा पैसा हाय. म्हणतो, पैशाला दुष्काळ कळत न्हाई. उठलो तिथून. तसाच वखारीवर गेलतो. तिथं त्यो मालक म्हणतो, पाव्हणं, सराफाकडं कशाला गेलता? माझ्याकडं हाली चालतो. रुपयाला रुपया. बट्टा न्हाई."

"रुपयाला रुपया?" पाटील म्हणाले.

"रुपयाला रुपया. कळदाराचा जो भाव त्योच हालीचा. मी दोनदा इचारलं. वर चहा पाजला. आन् शेकड्याला पाच पेंढ्या वरच्या दिल्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी वडिलांच्या पाठीवर थाप मारली. आमचा रुपया पलीकडे अख्खा चालला, याचंच लोकांना जास्त वाटलं. वडिलांनी एकेक शेकडा स्वतः मोजून घेतला होता, वरच्या पाचांसकट. गाड्या लवकर आल्या म्हणून त्यांनी बैलांचं कौतुक केलं. गाड्या हलक्या होत्या म्हणून लवकर आल्या, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पलीकडची ज्वारी पाटाच्या पाण्यावर वाढलेली, धाटं उंच. पेंढी उभी केली की आमच्या गावच्या पेंढीपेक्षा हातभर वर जायची. डोळ्याला उंची दिसते. जाडी हाताला कळते, आणि हात मोजण्यात गुंतला होता.

पेंढ्या बारा घरी वाटल्या. कोणाची जनावरं किती त्यावर वाटणी, भांडण झालं नाही. मी सांगते, गावात वाटणी भांडणाशिवाय झालेली मी तेवढी एकच पाहिली.

मग जनावरं पेंढी खाऊन तशीच ओरडायला लागली. आम्हाला वाटलं, दुष्काळाने त्यांची भूक वाढली. माय म्हणाली, सवयीची वैरण नाही म्हणून अंगी लागत नसेल. एका पेंढीच्या जागी दीड टाकायला लागली. बाकीच्या घरांतही तेच चाललं होतं, पण आपलं जनावर हावरं आहे असं जो तो समजून गप्प होता.

चुलतीचा भाऊ बैलगाडी घेऊन आला तेव्हा कळलं. गाडी आमच्या दारावरून वळताना वरची एक पेंढी खाली पडली. माय ती उचलून द्यायला गेली आणि उचलल्यावर तशीच थांबली.

"ही पेंढी कुठली ओ?" तिने विचारलं.

त्याने वखारीचं नाव सांगितलं. तीच वखार.

"काय भावानं?"

त्याने भाव सांगितला. तोच भाव.

"मग ही एवढी जड कशी?"

तो मोठ्याने हसला. चांगला माणूस होता, पण तेव्हा हसला. "आवो ताई, ही मागल्या गंजीतली. पुढली गंजी हालीवाल्यांची असती. तिकडं शेंबड्या पोराला बी ठाव हाय."

वडील ओसरीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते मागे गेले, आमची एक पेंढी घेऊन आले आणि त्या पेंढीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच उंच. त्यांनी आमच्या पेंढीचा आळा सोडला, म्हणजे पेंढी ज्याने बांधतात तो धाटांचा पीळ, आणि तो चुलतीच्या भावाच्या पेंढीभोवती गुंडाळला. टोकाला टोक लागलं नाही. बरंच अंतर राहिलं. वडील ते टोक ओढत होते. आळा तुटला.

सराफाने कापलं असतं तर सातातला एक गेला असता, फार तर दीड. गर्दीचा बट्टा धरून. वखारीत तिसरा हिस्सा गेला आणि वडील चहा पिऊन त्याला रामराम करून आले.

माझा नातू आता मोबाईलवर परदेशातल्या वस्तू मागवतो. तिकडच्या पैशाचे इकडचे पैसे किती झाले ते तिथेच लिहून येतं आणि खाली लिहिलेलं असतं की बदलण्याचं काही शुल्क नाही. तो मला दाखवतो, बघ आजी, फुकट. मी विचारते, रुपया कोणत्या भावाने धरला ते बघितलंस का? तो म्हणतो, ते आपोआप होतं. त्याच्या गोठ्यात जनावर नाही, त्याला परवडतं.

त्या संध्याकाळी पारावर सगळे जमले. वडिलांनी स्वतः जाऊन सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं, कारण कडबा संपल्यावर लोकांनी आपल्याच जनावरांना दोष दिला असता. पण ते सांगायला गेले.

"पेंढ्या मोजून आणल्या का न्हाई?" पाटलांनी विचारलं.

"आणल्या."

"मग?"

"बारीक हायत."

"बारीक हायत, हे घेताना दिसलं न्हाई का बे? का चहात बुडालं?"

लोक हसले. वडिलांपेक्षा पाटील वयाने लहान. एरवी ते वडिलांना बे म्हणत नसत.

"बट्टा वाचवला की यांनी," दुसरा एकजण म्हणाला. "खा म्हणावं आता बट्टा. जनावरांपुढं टाका."

"मालकानं याला काय दिलं ते इचारा की," मागून कोणीतरी म्हणालं. "नुसता चहा पिऊन कोण एवढं गुण गातं?"

त्यावर कोणी हसलं नाही. मला वाटलं आता वडील बोलतील, शपथ घेतील. ते घरी आले. तेव्हापासून गावात त्यांचं नाव बिनबट्ट्या पडलं. पोरंसुद्धा म्हणायची.

पुन्हा पैसा गोळा करू, या वेळेला कळदार करून नेऊ, असं एका म्हाताऱ्याने सुचवलं. कोणी कमरेचा कसा सोडला नाही. सोसायटी तिथे पारावरच मेली. सरकारी माणूस नोंदणीचा कागद घेऊन आला तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे झालं नाही. पाटलांनी मात्र चेअरमन हा शब्द सोडला नाही.

वैरण राखून राखून टाकली. बैलांचं कमी करून गाईला टाकली, कारण गाईवर बाळ होतं. तरी ती संपायची तेव्हा संपली आणि गाय बसली.

त्या सकाळी, वासे बाजूला पडलेले आणि गाय जमिनीला टेकलेली, तेव्हा मायने गळ्यातली रुपयांची माळ काढली. जुने चांदीचे हाली रुपये होते, तिच्या बापाने दिलेले. नारायणगडच्या जत्रेत सोनाराकडून प्रत्येकाला कडी डागून, म्हणजे डाग देऊन चिकटवून, तिने ते माळेत ओवून घेतले होते. घरात शिल्लक म्हणावं ते तेवढंच.

"चला," ती वडिलांना म्हणाली. "गाडी जुपा."

"दे इकडं, मी जातो."

"तुमच्या हातात देऊन न्हाई धाडत. मी संग येते."

वडिलांनी ते ऐकून घेतलं. आमच्या बैलांची फासळी न् फासळी दिसत होती, पण दुसऱ्या कोणाचे बैल मागायचं तोंड राहिलं नव्हतं. ते दोघं गेले आणि मी अक्काजवळ राहिले.

बाळाला पहिल्या दिवशी चुलतीने वाटीभर दूध दिलं. दुसऱ्या दिवशी अक्का वाटी घेऊन मधल्या बुटक्या भिंतीपाशी गेली तेव्हा चुलती म्हणाली, "पोरी, माझी बी पोरं हायत. भावानं आणलेली वैरण सरत आली. म्हैस दूध चोरायला लागली." अक्का परत आली. आम्ही ज्वारीच्या पिठाची पेज शिजवली, फडक्यातून गाळली आणि बोळ्याने बाळाच्या तोंडात पिळली. ते थोडं गिळायचं, थोडं ओकायचं. मग रडणं कमी झालं. रडणं कमी झालं तशी अक्का घाबरली. ती त्याच्या टाळूवर बोट ठेवून बसायची. टाळू खोल गेली होती.

माय आणि वडील निघाले त्याच दिवशी दुपारी गाय मेली होती. माणसं आली आणि ओढून घेऊन गेली. अक्काने बघितलं नाही, मी बघितलं.

पलीकडे काय झालं ते मायने नंतर सांगितलं. तिने मला पुष्कळदा सांगितलं, दरवेळी तसंच, त्यामुळे ते मी पाहिल्यासारखं लिहू शकते.

आधी वडील वखारीवर गेले. माय गाडीत बसून होती. मालक गल्ल्यावर होता, त्याने वडिलांना लगेच ओळखलं. या पाव्हणं म्हणाला. वडिलांनी विचारलं, असं कशापायी केलं?

"काय केलं?" मालक म्हणाला. "पेंढ्या मोजून दिल्या का न्हाई?"

"दिल्या."

"वरच्या पाच दिल्या?"

"दिल्या."

"बट्टा घेतला का मी?"

"न्हाई."

"मग झालं तर. मी पेंढी इकतो, पाव्हणं. वजन करून कोण कडबा इकतं का? तुमी मागल्या गंजीतली मागितली असती तर तिचा भाव सांगितला असता."

माय म्हणायची, त्या माणसाचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. मग तिने वडिलांना हाक मारली आणि दोघं सराफाकडे गेले.

सराफाने माळ हातात घेऊन बघितली. "बाई, याला कडी डागली. कडी डागली की त्यो रुपया ऱ्हात न्हाई. ही आता नुसती चांदी."

"रुपयाच हाय त्यो. चारमिनार दिसतोय की."

"दिसतोय. पण कोणी घेणार न्हाई. डाग वजा करतो, झिजेची घट वजा करतो, माझा बट्टा वजा करतो. येवढे कळदार येतील." त्याने आकडा सांगितला आणि गादीवर नाणी मांडून दाखवली. यातलं हे घटीचं, हे माझं, असं वेगळं करून दाखवलं. "पटत असंल तर बोला. पुढं दुसरा सराफ हाय, तिथं बी इचारून या."

"पटत न्हाई," माय म्हणाली. "पण द्या."

माळेची किंमत निम्म्याच्या जवळ आली होती. वडील आयुष्यभर ज्याला लुटारू म्हणत आले तो हाच माणूस. माय म्हणायची, लुटलंच त्याने, पण काय लुटलं ते पुढ्यात मांडलं.

कळदार घेऊन ते पुन्हा त्याच वखारीत गेले, कारण कडबा दुसरीकडे नव्हता. मालक उठला आणि त्यांना स्वतः मागच्या गंजीकडे घेऊन गेला. या वेळेला चहा विचारला नाही.

गाडी अर्धीच भरली. तेवढ्यातही परतीच्या वाटेवर उजवीकडचा बैल दोनदा बसला. वडिलांनी त्याच्या बाजूचं जू खांद्यावर घेतलं आणि ओढलं. घरी आले तेव्हा गोठ्यात गाय नव्हती. मायने तिकडे एकदा बघितलं आणि सरळ आत बाळाकडे गेली.

चुलती भिंतीपाशी आली. तिला गाडी दिसली होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "दूध देते."

"कशावर?"

"पैसा नको. तुमचा हाली नको, कळदार नको. म्हशीला वैरण द्या. माझी सरली. दोन वेळचं तिचं पोट भरा, सकाळची धार तुमची."

"आन् आमचे बैल?"

"ते तुमचं तुमी बघा. मी माझं सांगितलं."

माय आत आली. वडील ओसरीत बसले होते, खांद्याचं सालटं निघालं होतं. अक्का बाळाला घेऊन उंबऱ्याशी होती. मी पाण्याच्या घागरीपाशी. मायने चुलतीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"गाडीत हाय तेवढ्यात म्हैस बी आन् बैल बी हुत न्हाईत," वडील म्हणाले.

"ते मला दिसतंय."

"बैल गेले तर पेरायचं कशानं?"

"पेरायला पाऊस कुठंय?"

"पाऊस कधीतरी पडंल की."

"पडंल," माय म्हणाली. "तवर हे ऱ्हाईल का?"

कोणी बाळाकडे बघितलं नाही. अक्का वडिलांना म्हणाली, "दादा, माझ्यापायी बैल मारू नका. माझं नशीब माझ्यासंगं." तिचं वय तेव्हा सतरा-अठरा असेल. वडील उठले, गाडीतून एक पेंढी काढली, आणि भिंत ओलांडून चुलतीच्या म्हशीपुढे स्वतः नेऊन टाकली. तिथेच उभे राहून म्हैस खाताना बघत राहिले.

घरच्या कर्त्या माणसाने करायचं ते त्यांनी केलं, मी त्यात मोठेपणा सांगत नाही. बैल त्यांनी वासराचे घेऊन वाढवले होते. गावात अशी घरं होती जिथे मुलगी आणि बैल यांत बैल निवडले असते, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. बैलाशिवाय सगळंच घर जातं.

बैलांना वडिलांनी दावणीवरून सोडलं आणि घराच्या पलीकडच्या अंगाला लिंबाखाली बांधलं, म्हैस खाते ते दिसू नये म्हणून. दिसलं नाही तरी वास येत होता. ते भिंतीकडे तोंड करून हंबरायचे. वडील त्यांना लिंबाचा पाला, निवडुंग भाजून काटे काढून, छपराचं जुनं गवत, मिळेल ते आणून टाकायचे. गाडीतल्या कडब्याला त्यांनी बैलांसाठी एकदाही हात लावला नाही. माय एकदा म्हणाली, अर्धी पेंढी टाका की. वडील म्हणाले, अर्धी टाकली तर उद्या दुसरी अर्धी मागतील, आन् मी देईन.

चुलतीने दूध चोख दिलं. रोज सकाळी धार काढून वाटी भिंतीवर ठेवायची. त्यात तिने पाणी घातलं नाही, म्हशीचं दूध जड म्हणून अक्काच घालायची. वाटी मात्र रोज तीच, आणि एखाद्या दिवशी बाळाला जास्त भूक लागली म्हणून ती वर थेंब देत नसे. ती चांगली होती का वाईट हे मला कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काय द्यायचं आणि काय मिळणार ते तिने आधी सांगितलं होतं.

बाळाची टाळू हळूहळू भरली. मग ते पुन्हा मोठ्याने रडायला लागलं. मायने ते ऐकलं आणि ती चुलीपाशी बसून राहिली, भाकरी जळेपर्यंत.

उजवीकडचा बैल आधी गेला, जो वाटेत बसला होता. दुसरा एकटा पडल्यावर हंबरायचा थांबला. वडील त्याला घेऊन सरकारी छावणीकडे निघाले. लोक म्हणत होते तिथे चारा फुकट आहे. ते दुपारीच परत आले, हातात नुसती वेसण होती. गाईची कालवड होती, तिची आम्हाला आठवणच राहिली नव्हती. ती एका सकाळी गव्हाणीखाली मरून पडलेली सापडली.

पाऊस उशिरा पडला. बारा घरांतल्या ज्यांचे बैल राहिले त्यांनी पेरलं. वडिलांनी बैल मागितले, पण बिनबट्ट्याला कोणी दिले नाहीत, दिले तर भाड्याने देऊ म्हणाले. ते आणि माय खडी फोडायला गेले. आमचं रान त्या वर्षी पडीक राहिलं. पुढल्या वर्षी निम्म्या वाट्याने दुसऱ्याला दिलं आणि बैलजोडी परत कधी झाली नाही. नंतर सरकारने हाली बंद केला. लोक गाठोडी बांधून बदलायला गेले. आमच्याकडे बदलायला काही नव्हतं. वडील मरेपर्यंत कडब्याची पेंढी हातात घेतल्याशिवाय किंमत विचारत नसत. ती दुसऱ्याच्या जनावरासाठी असली तरी.

आमच्या दावणीचं एकही जनावर त्या सालातून निघालं नाही. आम्ही घरातली चौघं निघालो आणि अक्काचं पोरगं निघालं.